व्हँकुव्हरचा धक्का, चेंगदूची वाट
1887 मध्ये रेल्वे व्हँकुव्हरला पोचली. 1891 पासून कॅनेडियन पॅसिफिकची ‘एम्प्रेस’ जहाजं इथून जपान-चीनकडे सुटू लागली आणि हे बंदर मिशनऱ्यांचं निरोपाचं ठिकाण झालं. त्याच वर्षी डॉ. ओमर किलबॉर्न आणि त्यांची नवपरिणीत पत्नी जेनी फाउलर मेथॉडिस्ट चर्चच्या पहिल्या पश्चिम चीन तुकडीबरोबर निघाले. यांगत्से खोऱ्यातल्या दंगलींमुळे शांघायला मुक्काम लांबला. मग नदीनं आत, खोल दऱ्यांमधून. मे 1892 मध्ये चेंगदू. जुलैत कॉलऱ्यानं जेनी गेली. मिशनच्या इतिहासात तिच्या वाट्याला जेमतेम दोन ओळी येतात, हे फार खटकतं. 1894 मध्ये ओमर यांनी डॉ. रेटा गिफर्ड यांच्याशी विवाह केला. रेटा यांनी चेंगदूत स्त्रियांसाठी रुग्णालय उभारलं.