थेंबे थेंबे ऋणमुक्ती

बुऱ्हाणपूरकरांस कुंडी भंडारा परिचित आहेच. सातपुड्याच्या पोटात झिरपणारे पाणी भुयाराने जोडलेल्या कुंड्यांत गोळा करून शहरास पुरविण्याची ही योजना इ. स. १६१५ च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखानाच्या काळी झाली. एकेक झिरपा अल्पच. परंतु तो वाया जाऊ दिला नाही, म्हणून शहराची तहान भागली.

कर्जफेडीचेही असेच आहे. समजा, १०,००० रुपये दरमहा शेकडा दोन रुपये व्याजाने घेतले. पहिल्या महिन्याचे व्याज २०० रुपये. हप्ता ३०० रुपयांचा दिला, तर मुद्दलातून केवळ १०० रुपये फिटतात. काटकसरीने वाचविलेले आणखी २०० भरले, तर ३०० फिटतात. शिवाय पुढील व्याज १९४ रुपयांवर येते.

मात्र काटकसर म्हणजे कृपणता नव्हे. औषध व शिक्षण यांस कात्री लावू नये. ती डामडौलास लावावी. धीर खचू नये म्हणून उरलेले मुद्दल दरमहा वहीत मांडावे. उतरता आकडा पाहून मनास उभारी येते. विद्यार्थी मित्रांनो, पुष्कळ घरांत वडीलमाणसे कर्जाची चिंता मुलांपासून लपवून एकटीच वाहतात. ती वही आपण होऊन मागून घ्या आणि हिशेब तुम्ही लिहा. त्यांचा अर्धा भार तेथेच हलका होईल.