दुकानाचा उंबरठा आणि मुका सोबती

जीवदया हा आपल्या आचाराचा पाया होय. पांजरपोळास देणगी देणे, पाखरांस दाणे टाकणे ह्या गोष्टी आपल्या घरांत परंपरेने चालत आल्या आहेत. परंतु दया करणे निराळे आणि दुकानाचा उंबरठा प्राण्यांस मोकळा करणे निराळे. ह्या दोहोंतील भेद हरमलसारख्या गावी व्यापाऱ्यास प्रत्यही ध्यानी घ्यावा लागतो.

पावसाळा सरला की हरमलच्या किनाऱ्यावर देशोदेशींचे पाहुणे येतात. कित्येक तर महिनोन्‌महिने राहतात. काहींस किनाऱ्यावरील कुत्र्यांचा लळा लागतो आणि तो सोबती खाणावळीत व दुकानातही मागोमाग येतो. ह्याच्यावाचून मनास स्वस्थता नाही, असे ते सांगतात. आम्ही त्या भावनेस हसत नाही. एकटेपणा हे मोठे दुःख आहे. तथापि उघड्या पोत्यांत तांदूळ व डाळी मांडलेल्या असताना धान्य व्यापाऱ्याने कुत्र्यास आत घ्यावे कसे? अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांनीही अन्न हाताळण्याच्या जागी पशुपक्ष्यांस मज्जाव केला आहे.

मग अंधाचा वाटाड्या कुत्राही ह्याच मापाने मोजावा काय? खरा विवेक येथेच लागतो. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी १९१६ साली जर्मनीतील ओल्डेनबुर्ग येथे अशा कुत्र्यांस शिकविणारी शाळा निघाली. पायरी, खड्डा, वाहन ह्यांपासून धन्यास सांभाळणारा तो प्राणी केवळ लाडका नव्हे. ते धन्याचे डोळेच होत.

अमेरिकेत २०११ पासून अमलात असलेल्या नियमांनी हा भेद स्पष्ट केला आहे. अपंगत्वामुळे लागणारे विशिष्ट काम शिकविलेला कुत्रा तो सेवक. नुसत्या सहवासाने धीर देणारा प्राणी त्यात मोडत नाही. दुकानदाराने दोनच प्रश्न विचारावेत: अपंगत्वामुळे ह्याची गरज आहे काय, आणि ह्यास कोणते काम शिकविले आहे? कागदपत्रे मागू नयेत. विमानांत मात्र सवलत सैल राहिली. २०१८ साली नेवार्क विमानतळावर एक प्रवासी मानसिक आधारासाठी चक्क मोर घेऊन आली; कंपनीने त्यास चढू दिले नाही. पुढे २०२१ पासून असे प्राणी नेण्याचे बंधन विमान कंपन्यांवर उरले नाही. सवलतीचा दुरुपयोग झाला की संशय खऱ्या गरजवंतावरही येतो, हाच त्यातील बोध.

आपल्याकडे असे शिकविलेले कुत्रे विरळाच. तरीही दिव्यांगांशी भेदभाव करण्यास २०१६ च्या कायद्याने मनाई आहे, आणि मनुष्यधर्म तर त्याहून जुना आहे. म्हणून सभासद बंधूंस आमची विनंती अशी: कापड, भांडी ह्यांच्या दुकानांत अंध गिऱ्हाइकास त्याच्या वाटाड्यासह आत घ्यावे. धान्याच्या दुकानी गुमास्त्याने स्वतः पडवीत यावे, बसावयास बाक द्यावे, नमुना त्याच्या तळहातावर ठेवावा. भाव व वजन इतरांप्रमाणेच असावे. इतरांच्या सोबत्यांसाठी बाहेर सावली व पाण्याचे भांडे असू द्यावे.

प्राणी बाहेर थांबला म्हणून दया उणी होत नाही. गरजवंत माणूस दारातून रिकामा परतला, तर मात्र ती उणी होते.