सरपणाचं वजन आणि त्यातलं पाणी

वखारीत जळाऊ लाकूड काट्यावर तोलून विकतात, आणि या धंद्यातला खरा प्रश्न तिथेच सुरू होतो. ताज्या तोडीच्या लाकडात वजनाच्या जवळजवळ निम्मं पाणी असू शकतं. शंभर किलोचे पैसे मोजणारं गिऱ्हाईक मग पन्नासेक किलो पाणीच घरी नेतं. ते पाणी उडवायलाही जाळ खर्ची पडतो, किलोमागे साधारण ६०० किलोकॅलरी. लाकूड धुमसतं आणि धूर चुलीपुढच्या बाईच्या छातीत जातो. ओला माल कोरड्याच्या भावानं विकणं हा माझ्या मते अन्याय आहे.

वाळवणं अवघड नाही. ओंडके ओले असतानाच फोडावेत, कारण साल आतलं पाणी अडवून धरते. फोडलेलं लाकूड जमिनीला न टेकवता दगडांवर, मधून वारा खेळेल असं रचावं. हिवाळ्यात फोडलेली बाभूळ किंवा सुबाभूळ उन्हाळाभर तापवून पावसाआधी छपराखाली घ्यावी. टोकांना भेगा पडल्या, साल सुटू लागली, दोन तुकडे आपटल्यावर खणखणीत वाजले, की माल तयार.

झाड स्वतःच्या बांधावरचं असलं तरी आंबा, चिंच, मोह, जांभूळ ही झाडं महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत; कुऱ्हाड लावण्याआधी परवानगी हवीच.

गिऱ्हाईक मात्र बदलतं आहे. लग्नाचे आचारी आणि आंघोळीचे बंब टिकून आहेत, पण मुंबईतल्या बेकऱ्यांना लाकूड-कोळसा सोडून स्वच्छ इंधनाकडे वळण्याचे आदेश २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने दिले.