‘काहीच लावत नाही, साधं क्रीम लावते’

त्वचेची निगा : लेखांक ६

‘चेहऱ्याला काय लावता?’ या प्रश्नाचं दवाखान्यात हमखास मिळणारं उत्तर म्हणजे ‘काहीच नाही’. जरा खोदून विचारलं की एकेक बाहेर येतं: पावडर, काजळ, पार्लरवाल्या ताईंनी दिलेली डबी आणि मेडिकलमधून आणलेली एक ट्यूब. ‘ते साधंच क्रीम आहे, डॉक्टर. जाऊबाई पण तेच लावतात.’ मागच्या आठवड्यात वांग का येतात ते पाहिलं. आज या ट्यूबबद्दल लिहिते, कारण वांगापेक्षा तिनेच जास्त चेहरे बिघडवलेले मी पाहते.

ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचली तर बहुतेकदा तीन नावं सापडतात: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. यातलं तिसरं स्टेरॉइड. हे वांगावरचं खरंखुरं औषध आहे. अशा तिहेरी मिश्रणाचं मूळ सूत्र क्लिगमन आणि विलिस यांनी 1975 मध्ये मांडलं. डॉक्टर ते रात्री, फक्त डागांवर आणि मोजके आठवडे लावायला सांगतात. घरात मात्र ते वर्षभर सगळ्या चेहऱ्याला फासलं जातं.

सुरुवातीला चेहरा खरंच उजळ दिसतो. स्टेरॉइडने त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, लाली दबते, रंगद्रव्यही कमी तयार होतं. मग हळूहळू त्वचा पातळ होते, गालांवर लाल शिरा दिसू लागतात, मुरूम उठतात, हनुवटीवर लव वाढते. घाबरून क्रीम बंद केलं की चेहरा लालबुंद होतो, आग होते, ऊन सोसत नाही. पुन्हा लावलं की दोन दिवसांत शांत! साहजिकच तिला वाटतं, क्रीम गुणाचं आहे, आपली त्वचाच नाजूक. यात तिला दोष देऊ नये. काउंटरवर नाव सांगताच मिळणारी वस्तू औषध असेल, असं तिला का वाटावं? 2018 मध्ये केंद्र सरकारने चौदा स्टेरॉइड मलमांना चिठ्ठी सक्तीची केली, तरी विक्री सर्रास चालते. याचा मला मनापासून राग येतो.

बिनलेबलच्या डबीचा धोका वेगळाच. तिच्यात पारा असू शकतो. तो रंगद्रव्य रोखतो, पण त्वचेतून शरीरात शिरून मूत्रपिंडालाही इजा करतो. अकोल्यात एकाच घरातल्या तिघींचं मूत्रपिंड असं बिघडल्याची बातमी 2023 च्या सुरुवातीला आली होती. त्यांच्या क्रीममध्ये पारा सापडला होता.

ट्यूबवर ‘आरएक्स’ अशी खूण दिसली तर ते औषध समजा. सौंदर्यप्रसाधनावर उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच, मुदत आणि घटकांची यादी असते. डबीवर यातलं काहीच नसेल तर ती चेहऱ्याला लावू नका, देणारी कितीही ओळखीची असो.

स्टेरॉइडचं क्रीम बरेच महिने लावलं असेल तर मनानेच एकदम थांबवू नका. ते टप्प्याटप्प्याने कसं सोडायचं आणि मधली आग कशी शमवायची, हे डॉक्टर ठरवतील. तपासणीला येताना चेहऱ्याला लागणारं सगळं पिशवीत घालून आणा, संपलेली ट्यूबसुद्धा. रंग उडालेल्या रिकाम्या ट्यूबवरून अनेकदा आजाराचं निदान होतं.

(पुढील लेखांकात : केसांचा डाय आणि त्याआधीची 48 तासांची चाचणी)