निजलेल्या बालकाचे कान

‘लेकरू आहे, त्याला काय कळते’ असे म्हणून ज्या गोष्टी आपण मुलांच्या देखत बिनदिक्कत उरकतो, त्यांत नवराबायकोच्या भांडणाचा क्रमांक फार वरचा आहे. आणि मूल पाळण्यात झोपलेले असले, म्हणजे तर उरलासुरला संकोचही गळून पडतो. या समजुतीला जबर धक्का देणारा एक प्रयोग अमेरिकेतील ऑरेगन विद्यापीठात ॲलिस ग्रॅहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला व २०१३ साली तो प्रसिद्ध झाला. सहा ते बारा महिन्यांची वीस बालके नित्याच्या निजेच्या वेळी आणून, ती झोपी गेल्यावर त्यांना एमआरआय यंत्रात ठेवण्यात आले आणि एका पुरुषाच्या आवाजातील वाक्ये त्यांच्या कानी घालण्यात आली. वाक्ये मुद्दाम निरर्थक रचलेली. फरक काय तो सुराचा, कधी अतिसंतप्त, कधी किंचित रागाचा, कधी आनंदी, तर कधी निर्विकार. घरातील कलहाची कैफियत मातांकडून घेतलेली होती. ज्या घरी कलह अधिक, तेथील बालकांच्या मेंदूत, संतप्त सूर कानी पडताच, भावनांचे आणि ताणाचे नियमन करणारी केंद्रे, विशेषतः हायपोथॅलॅमस, अधिक प्रखरतेने उद्दीपित झाली; आणि बालके तर झोपेतच होती! वीस ही संख्या लहान खरी, परंतु शब्दाचा अर्थही न कळणाऱ्या जिवाला रागाचा सूर ओळखू येतो, ही गोष्ट मला अत्यंत विचारणीय वाटते.

हायपोथॅलॅमसच्या इशाऱ्यावरून पीयूषिका ग्रंथी जागी होते आणि तिच्या आज्ञेवरून अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसोल हे ताणाचे संप्रेरक रक्तात सोडतात, ही संकटकाळची तजवीज. संकट टळले की ती आवरती घ्यायची असते. ज्या घरात संकट टळल्याची खात्री कधीच नसते, तेथे हा बंदोबस्त कायमचा बसतो, आणि मग झोप, भूक, अभ्यासातील चित्त या साऱ्यांवर त्याचा बोजा पडतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील एमन मॅक्रॉरी यांनी २०११ साली दाखविले की घरातील हिंसा अनुभवलेल्या मुलांच्या मेंदूतील अमिग्डाला व अग्र इन्सुला हे धोक्याची चाहूल घेणारे भाग संतप्त चेहऱ्याच्या छायाचित्राला, रणांगणावरून परतलेल्या सैनिकांमध्ये आढळावा तसा, तीव्र प्रतिसाद देतात. आणि ही मुले कोणत्याही मानसिक विकाराने ग्रस्त नव्हती. जिन्यावरच्या पावलांच्या आवाजावरून वडिलांची मनःस्थिती ताडणारे, आईने भांडे जरा जोराने ठेवले तरी पुस्तकातून मान वर करणारे असे मूल वर्गात मात्र बेशिस्त किंवा मंद ठरते, हा मोठा अन्याय आहे.

भांड्याला भांडे लागणारच, आणि मतभेदांविना संसार कोणाचाही झालेला नाही. पण मानसशास्त्रज्ञ मार्क कमिंग्ज यांनी मुलांना प्रौढांच्या भांडणांचे निरनिराळे प्रसंग दाखवून जे अवलोकन केले, ते येथे फार मोलाचे आहे. उघड आरडाओरडीप्रमाणेच अबोल्यातला रागही मुलांना ओळखू येत होता. नुसता विषय बदलला तर त्यांची अस्वस्थता थोडीशीच कमी होई. परंतु भांडणाऱ्यांचा खरोखर समेट झाला की ती पुष्कळच ओसरे. हा समेट बंद दाराआड झाला आणि दोघे हसऱ्या मुद्रेने बाहेर आले, तरीही मुलांना तो कळत असे.