चांदची तारीख पाहून मुंबईला

आमच्या हिंगोली जिल्ह्यात मोठं पाणी पाहायचं म्हणजे सिद्धेश्वर नाहीतर ईसापूर. धरणाचं पाणी सकाळी जिथं असतं, तिथंच ते संध्याकाळीही सापडतं. २०१३च्या पावसाळ्यात अब्बांच्या तपासणीसाठी मुंबईला गेलो, तेव्हा समुद्राचंही तसंच असेल असं आम्ही धरून चाललो. परभणीहून रात्रीची देवगिरी पकडली, सकाळी एका नातेवाइकाकडे चहा-नाश्ता झाला आणि दुपारी साडेबाराला हाजी अलीला पोहोचलो. पाहतो तर रस्ताच नाही! दर्गा समोर दिसतोय आणि मध्ये नुसत्या लाटा.

फुलवाला म्हणाला, "चांद की चौदा है आज, पूछ के आना था." रस्ता तीनच्या सुमाराला उघडेल, असंही त्यानं सांगितलं. नेमकी तीनचीच अब्बांची वेळ होती. अम्मीनं काठावर उभं राहून फातेहा पढली आणि आम्ही टॅक्सीत बसलो. परतीच्या प्रवासात ती फारसं बोलली नाही.

त्या फुलवाल्याच्या एका वाक्यात खूप काही होतं, ते नंतर कळलं. भरती-ओहोटी चांदवर चालते, आणि चांदची तारीख तर आपल्या प्रत्येक घरात भिंतीवर टांगलेली असते. मुंबईत अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, म्हणजे आपल्या महिन्याच्या सुरुवातीला आणि तेरा-चौदा-पंधराला, मोठी भरती दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान येते. पुढे ती रोज सुमारे पाऊण तास उशिरा होत जाते. कोळी लोक तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात ती यामुळेच. सात-आठ चांदपर्यंत ती संध्याकाळी सहाच्या आसपास सरकते, मग दुपार ओहोटीची. शिवाय त्या दिवसांत पाण्याचा चढही कमी असतो. म्हणून अम्मी-अब्बांना किंवा लेकरांना घेऊन जायचं असेल तर सात-आठ किंवा एकवीस-बावीस चांद धरावा. चौदालाच जाणं झालं तर संध्याकाळी जावं, तोवर पाणी उतरलेलं असतं. हा अंदाज झाला. नेमकी वेळ मोबाइलवर पाहून घ्या. पावसाळ्यात तर दोनदा पाहा.

पण २०१३ साली रस्ता उघडा असता, तरी अम्मीला मजारपर्यंत जाता आलं नसतं. पीर हाजी अली शाह बुखारी यांचा हा दर्गा १४३१ सालचा सांगतात. पूर्वी तिथं बायका आत जात. पुढे ट्रस्टनं त्यांना मजारच्या खोलीत मनाई केली. भारतीय मुस्लिम महिला आंदोलन या संघटनेनं त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. २६ ऑगस्ट २०१६ रोजी निकाल बायकांच्या बाजूनं लागला. ट्रस्ट सर्वोच्च न्यायालयात गेला, पण तिथं त्यानं स्वतःच प्रवेश द्यायचं मान्य केलं आणि नोव्हेंबरात बायका आत गेल्या. बातमी वाचली त्या दिवशी अम्मीनं विचारलं, "मग आपण कधी जायचं?"

गेलो २०१७ला, आठ चांद पाहून. रस्ता कोरडा होता. गुडघ्यांमुळे अम्मी तीनदा बसली, पण आत गेली, सलाम केला, आणि बाहेर येऊन म्हणाली, "आता माहीमला चला."

माहीमचे मखदूम अली माहिमी (१३७२–१४३१) हे मोठे आलिम. कुरआनवर अरबीत तफसीर लिहिणाऱ्या हिंदुस्थानातल्या सुरुवातीच्या विद्वानांत त्यांचं नाव घेतात. लोक जत्रेसाठी जातात, तफसीरचं नाव मात्र फार थोड्यांना माहीत असतं, याची मला जरा खंत वाटते.

क्रॉफर्ड मार्केटजवळची जुमा मस्जिदही चुकवू नका. १७७५ साली सुरू झालेलं हे बांधकाम १८०२ला पुरं झालं, आणि मस्जिद उभी आहे ती चक्क एका तलावावर. खाली पायऱ्या उतरून त्याच पाण्यानं वजू करतात. जोहर तिथंच पढावी. बायकांच्या सोयीबद्दल दारात आधी विचारून घ्यावं.

मुलांना गेटवेची बोट हवीच असते. १८ डिसेंबर २०२४ला घारापुरीकडे निघालेल्या बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकून जीव गेले होते. लेकरांना लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बोटीत बसू नका, कुणी कितीही घाई केली तरी. घारापुरीच्या लेण्या सोमवारी बंद असतात. बँडस्टँडला ओहोटीत उघडे पडलेले खडक फोटोसाठी खुणावतात. तिथं जाऊच नका, परतीचं पाणी मागून येतं.

रात्री मीनारा मस्जिदीची गल्ली. रमजानमध्ये तिथं पाय ठेवायला जागा नसते, त्यामुळे म्हाताऱ्या माणसांना घेऊन इतर महिन्यांत गेलेलं बरं. नल्ली निहारी दोघांत एक पुरते. मालपुवा तिथंच गरम खावा.

आता जनशताब्दी थेट हिंगोलीपर्यंत येते, परभणीची धावपळ वाचली. मुंबईहून ती दुपारी बाराच्या सुमाराला सुटते, म्हणून मिठाई आदल्या रात्रीच बांधून घ्यावी. अम्मी अफलातून घेते. ते चार दिवस टिकतं आणि शेजारच्या सगळ्या घरांना पुरतं.