गुरुवारची मंडळी

पिंपरी-भोसरीच्या औद्योगिक पट्ट्यात आठवड्याची सुट्टी गुरुवारी. विजेचा भार वेगवेगळ्या दिवसांवर वाटला जावा म्हणून पडलेली ही रीत. दवाखाना, बाजार, गावाकडची चक्कर, सगळं त्याच दिवशी. ख्रिस्ती कामगाराची मात्र यात ओढाताण होते. उपासना रविवारी सकाळी, आणि त्या वेळी तो मशीनपाशी. त्यामुळे गुरुवारी संध्याकाळी कुणाच्या तरी घरी भरणारी प्रार्थनासभा हीच त्याची खरी मंडळी.

१९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, पुढच्या दशकात एमआयडीसी आली. नगर, जालना, सोलापूरकडून आलेल्या कामगारांत मिशनच्या जुन्या गावांतली ख्रिस्ती कुटुंबंही होती. पत्र्याच्या पेटीत बायबल आणि ‘उपासना संगीत’ घेऊन आलेल्या या माणसांना गावची मंडळी इथल्या दोन खोल्यांत पुन्हा मांडावी लागली.

सभेला फारसं काही लागत नाही. खाट भिंतीला लावायची, सतरंजी अंथरायची, शेजारून बाजाची पेटी आणायची. दारात चपला वाढत जातात, ‘सलाम’ होतात. दोन गीतं, वचन, साक्ष आणि मग प्रार्थनेचे विषय. माझ्या मते सभेचा जीव या विषयांत असतो. कुणाचं कंत्राट संपलंय, कुणाच्या मुलाला आयटीआयला प्रवेश हवाय, कुणाचं बोट प्रेसमध्ये सापडलंय. रविवारी शंभर माणसांत जे तोंडातून निघत नाही, ते इथे पंधरा जणांत निघतं. रविवारी मागच्या बाकावर गप्प बसणारी बाई इथे डोळे मिटून मोठ्याने प्रार्थना करते, आणि सगळे तिच्यामागे ‘आमेन’ म्हणतात. प्रभूची प्रार्थना झाली की चहा येतो; दवाखान्यात रात्री कोण थांबणार, डबा कोण देणार, हे चहा पिता पिताच ठरतं. खराळवाडीच्या कॅथलिक चर्चच्या परिसरातल्या घरांत अशा वेळी जपमाळ असते. पद्धत निराळी, विचारपूस तीच.

घरी जमून विचारपूस करण्याची ही रीत जुनी आहे. १७४२ मध्ये इंग्लंडातल्या ब्रिस्टलमध्ये मेथडिस्ट पंथाचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांच्या मंडळीवर प्रार्थनागृहाचं कर्ज होतं. ते फेडण्यासाठी प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यायची आणि बारा-बारा जणांमागे एकाने ती गोळा करायची, असं ठरलं. पैसे मागायला घरोघर गेलेल्यांना घराघरांतली दुःखं दिसली, आणि त्या वसुलीतूनच साप्ताहिक गट जन्माला आले. मेथडिस्ट प्रचारक विल्यम टेलर यांनी १८७१-७२ च्या सुमारास मुंबईत असेच गट बांधले.

पण आपल्याकडच्या सभेला चाल मिळाली ती इथल्याच मातीची. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असं रेव्हरंड नारायण वामन टिळक सांगत. त्यांनी १९१७ मध्ये साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला, त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही जागा होती. आणि तुकोबांचं देहू तर चिंचवडपासून फार लांब नाही. तिथल्या भजनाची आणि इथल्या पेटीवरच्या अभंगाची बैठक एकच आहे, हे कान देऊन ऐकलं तर सहज कळतं.

आता पट्टा चाकणपर्यंत पसरलाय, आणि घरसभा तिथे पुरी पडत नाही. एका भाड्याच्या खोलीत चार-पाच पोरं, नोकरी कंत्राटी, शिफ्ट दर आठवड्याला बदलणारी. एक उठतो तेव्हा दुसरा झोपायला येतो. त्यांना बोलावणारं घर नाही, आणि त्यांच्या खोलीत सभा कुणी मागत नाही. संध्याकाळी सातची वेळ ठरलेली, ती वर्षानुवर्षं हलत नाही.

पाळकांना आणि मंडळीतल्या वडिलांना एवढीच विनंती आहे: नाईट शिफ्ट सुटल्यावर, सकाळी, एक तरी सभा ठेवा. आणि पहिली सभा त्या पोरांच्याच खोलीवर घ्या. जाताना चहा-साखर सोबत न्या.